मूळ इंजिन नसलेली ९११एस: किमतीत किती फरक पडतो आणि का

प्रश्न असा आहे. अमेरिकेत राहणारे एक वाचक १९७३ ची पोर्शे ९११एस घ्यायच्या बेतात आहेत. गाडीला गंज नाही, रंग कारखान्यातल्याच छटेचा आहे, आतलं कामही नेटकं आहे. फक्त इंजिन मूळचं नाही. विकणारा म्हणतो, "इंजिन त्याच वर्षाचं आहे, २.४ लिटरचंच आहे, नुकतंच उघडून बांधलंय. किमतीत फार तर दहा टक्क्यांचा फरक." हे खरं आहे का, आणि अशी गाडी घ्यावी का, असं वाचक विचारतात.

विकत घेण्याआधी जुन्या स्पोर्ट्स गाड्या तपासून देणं हेच माझं काम आहे, त्यामुळे थेट उत्तर आधी देतो. दहा टक्के फार कमी आहेत. ९११एसचं मूळ इंजिन गेलेलं असेल तर मी पाव किंमत कमी धरून बोलणी सुरू करतो. बसवलेलं इंजिन एसचं नसून टीचं, म्हणजे ९११च्या सगळ्यात साध्या प्रकाराचं, निघालं तर आणखी खाली येतो. गाडी घेऊच नका असं मात्र मी म्हणणार नाही. का, ते समजायला इंजिनावरचा नंबर नेमकं काय सांगतो हे आधी पाहावं लागेल.

इंजिनाच्या मुख्य ओतीव भागावर, म्हणजे ब्लॉकवर किंवा क्रँककेसवर, कारखान्यात एक नंबर पंच करतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिच्या चेसिस नंबरासमोर जो इंजिन नंबर नोंदला गेला, तोच आज इंजिनावर असेल तर ती गाडी मॅचिंग नंबर्स. चेसिसचा आणि इंजिनाचा आकडा एकच असायला हवा, असा पुष्कळांचा समज असतो. पन्नास-साठच्या दशकांतल्या बऱ्याच व्ही-१२ फेरारींमध्ये तो खरोखरच एक असे. पोर्शे, जॅग्वार, लॅम्बोर्गिनी यांच्यात दोन्ही आकडे वेगळे असतात आणि त्यांचं नातं फक्त कारखान्याच्या दप्तरात सापडतं. म्हणून ज्या कंपनीचं दप्तर शाबूत आहे, तिच्या गाड्यांचा व्यवहार सरळ होतो. पोर्शेकडे ९११च्या आधीच्या ३५६ या मॉडेलची आणि सुरुवातीच्या ९११ची कार्डेक्स नावाची कार्डं आहेत आणि पुढच्या गाड्यांच्याही नोंदी आहेत. जॅग्वारच्या हेरिटेज प्रमाणपत्रात चेसिस, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे नंबर येतात. एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली यांच्या नोंदी इंग्लंडमध्ये गेडनच्या ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्टकडून मिळतात. जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याचं जे स्थान, तेच इथे या कागदाचं.

या गाड्या नव्या होत्या तेव्हा या नंबराला कुणी किंमत देत नव्हतं, हे लक्षात ठेवायला हवं. इंजिन झिजायचं, फुटायचं, बदललं जायचं. जुनं इंजिन देऊन कारखान्याने नव्याने बांधलेलं इंजिन घेण्याची सोय ३५६च्या काळात होती आणि शहाणा मालक तिचा फायदा घ्यायचा, कारण गाडी दोन दिवसांत पुन्हा रस्त्यावर यायची. शर्यतीत भाग घेणारा तर मागे एक जास्तीचं इंजिन बाळगूनच असायचा. जॅग्वारचं एक्सके इंजिन १९४९ पासून १९९२ पर्यंत बनत राहिलं, स्पोर्ट्स गाडीत, सेडानमध्ये, शेवटी लिमोझिनमध्ये. जॅग्वारच्या ई-टाइप या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन गेलं तर भंगारातल्या सेडानचं बसवणं ही त्या काळी सर्रास चालणारी गोष्ट होती. तेव्हा मूळ इंजिन नसणं हा गाडीचा डाग नाही. बहुतेक वेळा ती फक्त भरपूर चाललेली गाडी असते.

मग किंमत इतकी का घसरते? कारण स्पोर्ट्स गाड्यांच्या कारखान्यांनी एकाच अंगात वेगवेगळी इंजिनं घालून विकली. १९७२-७३ ची २.४ लिटरची ९११ घ्या. युरोपातल्या टीची ताकद १३० अश्वशक्ती, ईची १६५, एसची १९०. तिघींचं अंग जवळपास एकच. एसला पुढे अ‍ॅल्युमिनियमचे ब्रेक कॅलिपर होते, पुढच्या मडगार्डात तेल थंड करणारा कूलर होता, बंपरखाली स्पॉयलर होता. हे सगळं बोल्ट खोलून दुसऱ्या गाडीवर चढवता येतं, आणि लोकांनी चढवलंही. एस ही एस आहे हे ठरवणारी, सहज न हलणारी गोष्ट म्हणजे चेसिसवरचा नंबर आणि मागचं इंजिन. इंजिन गेलं की त्या जास्तीच्या पैशाचं निम्मं कारणच गेलं.

कॅरेरा आरएस २.७ या ९११च्याच आणखी ताकदवान प्रकारात हे अधिक टोकाला जातं. एकूण १५८० गाड्या बनल्या, इंजिन २६८७ सीसीचं, २१० अश्वशक्तीचं, प्रकार ९११/८३. टी किंवा ईच्या अंगाला बदकाच्या शेपटीसारखा मागचा स्पॉयलर, रुंद मागची मडगार्डं आणि बाजूच्या अक्षरांची पट्टी लावली की लांबून ती आरएस दिसते, आणि अशा गाड्या जगभर आहेत. त्यामुळे आरएस घेणारा माणूस इंजिन आणि ९१५/०८ प्रकारचा गिअरबॉक्स दोन्हींचे नंबर मागतो आणि दप्तराशी ताडून पाहतो. त्यातला एक जरी जुळला नाही तरी बोलणी दुसऱ्याच पातळीवर जातात.

आता तुमच्या गाडीकडे येतो, कारण इथे कागद यायच्या आधीच पुष्कळ काही कळतं. त्या काळच्या पोर्शेच्या आकड्यांना शिस्त होती. १९७३ च्या ९११एसचा चेसिस नंबर ९११३३ ने सुरू होतो: ९११ हा प्रकार, मग ३ म्हणजे १९७३ चं मॉडेल, मग ३ म्हणजे एस. अमेरिकेसाठी बनलेली टी असती तर ९११३१, ई असती तर ९११३२, आरएस असती तर ९११३६. इंजिन नंबर सात आकडी असतो आणि त्यात क्रम उलटतो: आधी ६ म्हणजे सहा सिलिंडर, मग प्रकार, मग वर्ष. १९७३ च्या एसचं इंजिन ६३३ ने सुरू होतं, १९७२ च्या एसचं ६३२ ने, आरएसचं ६६३ ने. शिवाय क्रँककेसवर इंजिनाचा प्रकारही पंच केलेला असतो, २.४ लिटरच्या एससाठी तो ९११/५३, ईसाठी ९११/५२, अमेरिकेत गेलेल्या यांत्रिक इंजेक्शनच्या टीसाठी ९११/५१. नंबर सापडतो पंख्याच्या शेजारी उजवीकडे, क्रँककेसच्या उभ्या सपाट भागावर. मागचं झाकण उघडून टॉर्च धरला आणि चिंधीने तेल पुसलं की दिसतो.

तेव्हा विकणाऱ्याला एकच गोष्ट मागा: त्या नंबराचा आणि प्रकाराच्या ठशाचा स्वच्छ, जवळून काढलेला फोटो. ६३३ आणि ९११/५३ असेल तर इंजिन दुसऱ्या एका १९७३ च्या एसचं आहे. ते तुमच्या गाडीचं नाही, पण गाडीला शोभणारं आहे, आणि चालवताना तुम्हाला कारखान्याने बनवली तशीच एस मिळेल. ६१ ने सुरुवात झाली तर तुम्ही एसच्या अंगात टीचं इंजिन घेताय. "त्याच वर्षाचं २.४" हे वाक्य दोन्ही वेळा खरंच ठरतं, म्हणून ते ऐकून काही कळत नाही. अमेरिकेत तर १९७३ च्या जानेवारीपासून टीला बॉशची के-जेट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली आली, म्हणजे एकाच वर्षात टीचीच दोन वेगळी इंजिनं झाली.

टीच्या क्रँककेसवर एसचे पिस्टन, एसचे कॅमशाफ्ट आणि एसचा यांत्रिक इंजेक्शन पंप बसवून बांधलेलं इंजिनही तुम्हाला दाखवतील. चांगल्या मिस्त्रीने बांधलं असेल तर ते मूळ एसइतकंच पळतं. मात्र तो पंप खरोखर एसचा आहे का, हे त्याच्यावरच्या बॉशच्या पट्टीवरून पाहा. पंपाच्या पोटात एक त्रिमितीय कॅम असतो, इंधनाचं प्रमाण तोच ठरवतो, आणि टी, ई, एस यांचे कॅम वेगवेगळे आहेत. चुकीच्या कॅमचा पंप लावलेलं इंजिन कितीही सर्व्हिस केलं तरी सरळ चालत नाही. अशा गाडीचा मालक नंबराच्या वादात पडण्याआधीच कंटाळून गाडी विकायला काढतो.

या इंजिनांच्या धातूबद्दल इथेच सांगतो, कारण मूळ इंजिनाची खरी किंमत त्याशिवाय कळत नाही. १९६८ च्या मॉडेलपासून १९७७ पर्यंतच्या बहुतेक ९११चे क्रँककेस मॅग्नेशियमचे आहेत. वजन वाचलं, पण मॅग्नेशियम उष्णतेने वाकतं, ओलाव्याने खातं, आणि सिलिंडर हेड धरून ठेवणाऱ्या लांब स्टडचे आटे त्याच्यातून उपटून येतात. सत्तरच्या दशकातल्या २.७ लिटरच्या इंजिनांना हा रोग सगळ्यात जास्त झाला. आज आट्यांच्या जागी पोलादी बुशिंग घालून, बेअरिंगची रांग पुन्हा बोअर करून जुना केस वाचवता येतो. पूर्वी तो सरळ फेकून देत आणि नवा आणत, आणि सुट्या भागांतून आलेल्या नव्या केसवर नंबर नसे. मूळ क्रँककेस पन्नास वर्षं टिकवलेला, आणि तोही योग्य दुरुस्ती करून टिकवलेला, ही म्हणूनच मोठ्या निगराणीची खूण आहे. नंबर जुळतो पण इंजिन उघडल्याचा एकही कागद नाही, अशी गाडी दिसली की मी जास्त सावध होतो. ज्या इंजिनाला जास्त पैसे मोजायचे, तेच पुढच्या वर्षी उघडावं लागणार असेल तर तो खर्च आजच्या किमतीतून वजा करायला हवा. विकणारे हे कधी बोलत नाहीत आणि घेणारेही नंबर जुळल्याच्या आनंदात विचारत नाहीत.

पोर्शेच्या बाबतीत निदान दप्तर तरी आहे. दप्तर नसलं की काय होतं ते पाहायचं असेल तर साठच्या दशकातली शेव्हरोले कॉर्व्हेट पाहावी. १९६७ च्या कॉर्व्हेटचा चेसिस नंबर कूपे असेल तर १९४३७ ने आणि कन्व्हर्टिबल असेल तर १९४६७ ने सुरू होतो, मग वर्षासाठी ७, सेंट लुइसच्या कारखान्यासाठी एस, आणि मग अनुक्रमांक. इंजिन कोणतं बसवलं याचा त्यात मागमूस नाही; तो आकडा चेसिस नंबरात १९७२ पासून आला. म्हणजे ३०० अश्वशक्तीचं ३२७ घनइंचाचं साधं इंजिन घेऊन निघालेली गाडी आणि ४३५ अश्वशक्तीचं ४२७ घेऊन निघालेली गाडी, चेसिस नंबरावरून दोन्ही सारख्याच. आणि जनरल मोटर्सकडे त्या काळच्या अमेरिकेतल्या शेव्हरोलेंच्या, गाडीगणिक इंजिन सांगणाऱ्या नोंदी मिळत नाहीत. उरतात दोनच साक्षीदार: इंजिनाच्या पॅडवरचे ठसे, आणि योगायोगाने वाचलेला एखादा कागद. १९६७ च्या सुमारापासून पेट्रोलच्या टाकीवर ऑर्डरचा कागद चिकटवत असत. काही गाड्यांच्या टाकीवर तो आजही आहे. वॉरंटीच्या पुस्तकातली प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची पट्टी सापडली तर उत्तमच.

पॅड म्हणजे ब्लॉकच्या पुढच्या बाजूला उजवीकडे, सिलिंडर हेडच्या अगदी पुढे असलेली सपाट जागा. तिच्यावर दोन ठसे असतात. एक इंजिन बनवणाऱ्या कारखान्याचा: उदाहरणार्थ टी०३१५जेई. टी म्हणजे टोनावांडा, जिथे मोठ्या ब्लॉकची, म्हणजे ४२७सारखी, इंजिनं बनत. छोट्या ब्लॉकची, म्हणजे ३२७सारखी, इंजिनं फ्लिंटमध्ये बनत आणि त्यांच्यावर वेगळं अक्षर असतं. ०३१५ म्हणजे १५ मार्च, आणि जेई म्हणजे ४३५ अश्वशक्तीचं ४२७. दुसरा ठसा गाडी जोडणाऱ्या कारखान्याचा, गाडीच्या अनुक्रमांकाचा. दोन ठसे दोन शहरांत, दोन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या पंचांनी मारलेले. म्हणून दोन्ही एकाच हाताचे, एकाच खोलीचे, एका ओळीत नीट मांडलेले दिसले की मला शंका येते. याखेरीज ब्लॉक ओतला त्याची तारीख ब्लॉकवरच उठावात असते, महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग गाडी बनते. गाडी बनल्यानंतर ओतलेला ब्लॉक मूळ असूच शकत नाही, त्यावर ठसा कितीही सुंदर असो.

पॅड कारखान्यात ब्रोचिंगने, म्हणजे दातेरी हत्याराने, कापलेला असतो आणि त्या कापाच्या बारीक समांतर रेघा धातूवर राहतात. इंजिन बांधताना ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट केला तर रेघांसकट ठसाही जातो. प्रामाणिक माणसाकडूनही असं व्हायचं, कारण सत्तरच्या दशकात मशीनवाल्याला त्या आकड्यांचं काय! पण कोऱ्या झालेल्या पॅडवर हवा तो आकडा मारण्याची वाट इथूनच उघडते. असले बनावट ठसे मारणारे कारागीर आज ब्रोचिंगच्या रेघाही नव्याने काढतात. १९७४ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीच्या परीक्षकांनी या ठशांचा अभ्यास वर्षानुवर्षं केला आहे, आणि मोठ्या ब्लॉकची कॉर्व्हेट त्यांच्यासारख्या जाणत्या नजरेखालून न घालता घ्यायची नाही, असं मी प्रत्येकाला सांगतो. जिथे नंबराला सगळ्यात जास्त पैसा मिळतो आणि ताडून पाहायला दप्तर नाही, तिथेच सगळ्यात जास्त नंबर पुन्हा मारले गेले आहेत. मूळ इंजिन नसलेली गाडी असं उघड सांगून विकली तर तिची किंमत ठरलेली असते. ठसा बनावट आहे हे विकत घेतल्यावर उघड झालेल्या गाडीला गिऱ्हाईकच मिळत नाही, कारण एकदा खोटं सापडलं की तिच्या बाकीच्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

शर्यतीच्या गाड्यांना यातलं काहीच जसंच्या तसं लागू होत नाही. पोर्शेने एप्रिल १९६९ मध्ये शर्यतीची मान्यता मिळवण्यासाठी ९१७ या मॉडेलच्या २५ गाड्या एका रांगेत उभ्या केल्या. पुढे शर्यतींमध्ये इंजिनं या गाडीतून त्या गाडीत जात राहिली. तिथे विचारायचं ते एवढंच, की आज बसवलेलं इंजिन त्या काळचं आणि त्या प्रकारचं आहे का, आणि त्याचा प्रवास कागदावर सापडतो का. फेरारी २५० जीटीओ, चेसिस नंबर ३४१३जीटी, ऑगस्ट २०१८ मध्ये मॉन्टेरीच्या लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलर्सना गेली. मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल टिकून आहेत हे तिच्या किमतीचं एक मोठं कारण. पण तिचं अंग १९६२ चं नाही. १९६४ मध्ये फेरारीची अंगं घडवणाऱ्या स्कालिएत्तीने तिला नव्या घडणीचं अंग चढवलं. बाजाराने तो बदल तिच्या इतिहासाचाच भाग मानला. कारखान्याने आणि स्पर्धेने त्या काळात केलेला बदल वेगळा, आणि पन्नास वर्षांनी गॅरेजमध्ये केलेला बदल वेगळा. फेरारीत मुख्य इंजिन नंबराशिवाय इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल यांच्यावर अंतर्गत क्रमांकही मारलेले असतात, त्यामुळे खोटं रचणाऱ्याला एकाच वेळी अनेक जागा सांभाळाव्या लागतात. तिथे तपासणीचं काम जितकं किचकट, तितकंच खात्रीचं होतं.

फरक किती, हे मी माझ्या कामात असा धरतो. हा माझा आडाखा आहे, बाजारभाव नव्हे. ९११टीसारख्या साध्या प्रकारात योग्य प्रकारचं दुसरं इंजिन असेल तर साधारण दहावा हिस्सा कमी, आणि गाडी बाकी उत्तम असेल तर घेणारे त्याकडे काणाडोळाही करतात. ९११एसला पावाच्या आसपास. आरएसला पाव ते तिसरा हिस्सा, आणि गिअरबॉक्सही दुसरा असेल तर आणखी. ई-टाइपला त्यामानाने कमी, कारण त्यांची संख्या मोठी आहे आणि प्रमाणपत्रामुळे सगळं उघड असतं. मोठ्या ब्लॉकच्या कॉर्व्हेटला निम्म्यापर्यंत, कारण इंजिन नसेल तर ती मोठ्या ब्लॉकची होती हेच सिद्ध होत नाही. तुमच्या विकणाऱ्याचे दहा टक्के टीला लागू पडले असते.

काही वेळा मात्र नंबर जुळण्याला मी मुळीच जास्त पैसे देत नाही. अंग गंजलेलं असेल तर पोर्शेचा पत्रा दुरुस्त करणं इंजिन बांधण्यापेक्षा महाग जाऊ शकतं. जुळणाऱ्या नंबराची गंजकी टी आणि न जुळणाऱ्या नंबराची कोरडी टी समोर असतील तर मी कोरडीकडे वळतो. आणि गाडी दर रविवारी डोंगरातून चालवायची असेल, मूळ मॅग्नेशियम केसवर ताण द्यायची इच्छा नसेल, तर दुसरं इंजिन हीच सोय आहे. मूळ इंजिन बाहेर काढून जपून ठेवणारे आणि चालवण्यासाठी वेगळं बसवणारे मालक मला माहीत आहेत. तसं मूळ इंजिन गाडीसोबतच विकलं तर किंमत जवळजवळ पूर्ण मिळते.

महाराष्ट्रातले वाचक हाच विषय दुसऱ्या अंगाने विचारतात, म्हणून त्याबद्दल थोडं. आपल्याकडे आयातीवरची बंधनं, सुट्या भागांची टंचाई आणि पेट्रोलचा खर्च यांमुळे कितीतरी परदेशी गाड्यांत डिझेल इंजिनं बसली. त्यावरून कुणाला नावं ठेवू नयेत. त्या इंजिनांमुळेच गाड्या चालत्या राहिल्या आणि भंगारात गेल्या नाहीत. पण भारतात एक फायदा असा, की आरसी बुकात चेसिस आणि इंजिन दोन्हींचे नंबर असतात, आणि इंजिन बदललं तर ते आरटीओकडे नोंदवावं लागतं. जुनं, हाताने लिहिलेलं आरसी बुक सापडलं तर मूळ इंजिनाचा पुरावा तिथेच मिळतो. जुनं आरसी बुक टाकून देऊ नका, जीर्ण झालं असेल तरी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हीए अक्षरांची वेगळी नोंदणी आणली, आणि गाडी मूळ स्वरूपात असावी, चेसिस, अंग किंवा इंजिनात मोठा फेरबदल नसावा, अशी अट घातली. तेव्हा डिझेल इंजिन असलेली जुनी रोडस्टर घेताना हा मुद्दा किमतीबरोबर नोंदणीचाही आहे, हे आधी पाहा.

आता तपासणी. ठसा पाहायला मी मोठं भिंग आणि तिरका प्रकाश वापरतो. सरळ प्रकाशात आकडे वाचता येतात, तिरक्या प्रकाशात भोवतालचा धातू वाचता येतो. घासल्याच्या गोल रेघा, आजूबाजूपेक्षा खोल गेलेला पृष्ठभाग, ओतकामाचा खरखरीतपणा ठशाजवळ अचानक गुळगुळीत होणं, एकाच नंबरातल्या दोन ३ची घडण वेगळी असणं, हे सगळं नोंदवून ठेवतो. त्याच काळातल्या, शंका नसलेल्या दुसऱ्या इंजिनाचा फोटो शेजारी ठेवल्याशिवाय मत देत नाही. वाद मोठ्या रकमेचा असेल तर रासायनिक प्रक्रियेने पुसलेला आकडा उजेडात आणणारे न्यायवैद्यक तज्ज्ञ असतात, कारण पंच मारताना दबलेला धातू वरून घासला तरी खाली दबलेलाच राहतो. ३५६ असेल तर दारं, पुढचं-मागचं झाकण यांवरचे चेसिस नंबराचे शेवटचे आकडेही पाहतो. एवढ्या जागा एकमेकींशी जुळल्या तर इंजिन नंबरावरचा माझा विश्वासही वाढतो.

तुमच्यासाठी आता क्रम असा. चेसिस नंबर देऊन पोर्शेकडून कारखान्याच्या नोंदीचं प्रमाणपत्र मागवा. विकणाऱ्याने आधीच मागवलेलं असेल तर त्याची मूळ प्रत पाहा. गाडी एस म्हणूनच निघाली होती याची त्यावरून खात्री होईल. मग इंजिनावरचा प्रकार आणि नंबर. ६३३ किंवा ६३२ आणि ९११/५३ असेल, अंग खरंच कोरडं असेल, आणि इंजिन बांधणाऱ्याची बिलं हातात येत असतील, तर पाव किंमत कमी करून ही गाडी मी स्वतः आनंदाने घेईन. ६१ असेल तर टीच्या किमतीच्या थोडं वर थांबा, त्यापुढे नाही. इंजिन कधी आणि का बदललं हे मालकाकडून लिहून घ्या, कारण उद्या तुम्ही विकाल तेव्हा घेणारा हाच प्रश्न विचारेल.

आणखी एक. कारखान्याच्या नोंदीतून तुमच्या गाडीच्या मूळ इंजिनाचा नंबर कळला, तर बोलणी पक्की होण्याआधी तो नंबर शोधायला लागा. जुन्या ९११चे मालक एकमेकांची भटकलेली इंजिनं वर्षानुवर्षं शोधत असतात, आणि ती सापडतातही, कधी दुसऱ्याच एखाद्या ९११च्या पोटात, कधी एखाद्या गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली. क्लबच्या यादीत विचारा, आधीच्या मालकांची साखळी मागे जितकी जाईल तितकी जाऊ द्या, ज्या गॅरेजने इंजिन बदललं तिथे फोन करा. इंजिन ज्याच्याकडे आहे त्याला मात्र तुमची गाडी कोणती हे घाईने सांगू नका. चेसिस नंबर कळला की तोच माणूस त्या इंजिनाची किंमत दुप्पट करतो.